जुना सायरन ओळखायचा कसा आणि त्याची किंमत करायची कशी?

इलिनॉयकर
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. मी शिकागोच्या पश्चिमेला राहतो. जवळच्या एका गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन केंद्राने जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यातून दोन सायरन घेतले.

पहिला मोठा आहे. क्रोमचा, पुढे जाळी, मागे निमुळता होत गेलेला, खाली बसवायला पाया. चांगलाच जड. पाटीवर 'फेडरल साइन अँड सिग्नल कॉर्पोरेशन, ब्लू आयलंड, इलिनॉय' आणि १२ व्होल्ट एवढं स्पष्ट वाचता येतं. दुसरा नारळाएवढा, तोंडाशी लाल काच. त्याच्यावर कुणीतरी ब्रशने लाल रंगाचे थर दिलेत, त्यामुळे अक्षरं बुजली आहेत.

हे नेमके कोणते, कधीचे आणि किंमत कशी ठरते? मोठ्याचा क्रोम दोन-तीन जागी उडाला आहे. तो नव्याने चढवून घ्यावा असं माझं मत आहे, कारण चकचकीत वस्तूला गिऱ्हाईक लवकर मिळतं. शेजारच्या एका गृहस्थांनी दोन्ही मिळून घेण्याची तयारी दाखवली आहे, पण समजून घेतल्याशिवाय मला हो म्हणायचं नाही.

गंजका_खिळा
क्रोमला हात लावू नका! बाकीचं रात्री सविस्तर लिहितो.

मृण्मयी_र
वाचतेय. विषय भारी आहे, मोबाईल आणि गाड्यांच्या धाग्यांत हा वेगळाच निघाला.

गंजका_खिळा
हां, आता निवांत लिहितो. मी मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचं काम करतो, त्यातलं जे हाताखालून गेलं तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी पाटी. पाटीवरचं कंपनीचं नाव हाच अर्धा जन्मदाखला. ही कंपनी १९०१ साली शिकागोत 'फेडरल इलेक्ट्रिक' नावाने सुरू झाली, ती दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या बनवायला. सायरन नंतर आले. १९५५च्या सुमारास ती 'फेडरल साइन अँड सिग्नल' झाली आणि १९७६च्या आसपास नुसती 'फेडरल सिग्नल'. म्हणजे तुमचा मोठा सायरन या दोन सालांच्या मधला, एवढं आत्ताच सांगता येतं.

आता पत्ता बघा. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड जुलै १९६३मध्ये आला. त्याआधी, १९४३पासून, मोठ्या शहरांच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक लिहायचे, जसं 'लॉस एंजेलिस १५'. पाटीवर झिप असेल तर ती ६३नंतरची. शहरापुढे छोटा आकडा असेल तर ४३ ते ६३च्या मधली. काहीच नसेल तर फार ताणू नका, कारण लहान गावांना विभाग क्रमांक नव्हतेच, आणि छापलेल्या पाट्या संपेपर्यंत कारखाने त्याच वापरत.

पेटंट क्रमांक असला तर आणखी सोपं. अमेरिकी पेटंटने १० लाखांचा आकडा १९११मध्ये गाठला, २० लाखांचा १९३५मध्ये आणि ३० लाखांचा १९६१मध्ये. क्रमांक १९ लाखांतला असेल तर पेटंट १९३५च्या अलीकडचं नाही. मात्र ही पेटंटची तारीख, सायरन त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेला असू शकतो.

स्क्रू तपासा. फुलीच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू मोटारींत १९३६च्या सुमारास आले. कुणी 'विशीतला', म्हणजे १९२०च्या दशकातला सायरन म्हणून विकतोय आणि अंगावर सगळे फुलीचे स्क्रू, तर ते नंतर बदललेत किंवा गोष्ट रचलेली आहे.

आणि चकाकी. विशीच्या आणि त्याआधीच्या वस्तूंवर बहुधा निकेल असायचं, क्रोमचा मुलामा विशीच्या शेवटाला रुळला. पांढऱ्या कागदाजवळ धरून बघा, निकेलमध्ये किंचित पिवळसर ऊब दिसते, क्रोम निळसर थंड दिसतो. विशीतल्या निकेलच्या सायरनवर कुणी आज क्रोम चढवला तर त्याने ओळखीची एक खूणच पुसून टाकली. म्हणून ओरडलो.

कल्पक_जोशी
+१, पण थोडा असहमतही आहे. माझे सासरे कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकातला एक बंब पुन्हा उभा करताहेत. चार जुलैच्या मिरवणुकीत तो गावातून फिरतो. अशा गाडीवर डागाळलेला सायरन बसवला तर बाकीच्या नव्या रंगापुढे तो विजोड दिसतो. त्यांना क्रोम केलेलाच हवा असतो आणि त्यासाठी ते जास्त पैसे मोजतात. गिऱ्हाईक कोण, यावर सगळं आहे.

गंजका_खिळा
कल्पक, तुझ्या सासऱ्यांना हवा तेव्हा ते स्वतः क्रोम करून घेतीलच की. मूळ मुलाम्याचा सायरन चकचकीत करता येतो, चकचकीत केलेला मूळ स्थितीत आणता येत नाही. विकणाऱ्याने खर्च करून गिऱ्हाइकाचा पर्याय का संपवायचा? शिवाय मुलामा देताना आधी घासतात, त्यात पाटीची आणि ओतीव अक्षरांची धार जाते.

कल्पक_जोशी
धार जाते हे मान्य. चांगला कारागीर पाटी काढून ठेवतो, पण सगळेच तसे नसतात.

सई_स्टुटगार्ट
मला एक मूलभूत प्रश्न. सायरन म्हणजे भोंगाच ना? आत काय असतं? इथे जर्मनीत बंबावर जे वाजतं त्याला मार्टिनहॉर्न म्हणतात, १९३२पासूनचं. तो हवेच्या दाबाचा दोन सुरांचा कर्णा आहे. अमेरिकेतला आवाज खालून वर चढत जातो, तसा तो चढत नाही.

धातुविशारद
सई, दोन्ही वेगळी यंत्रं आहेत. यांत्रिक सायरनमध्ये एक स्थिर कवच असतं, त्याला खिडक्या पाडलेल्या. त्याच्या आत तशाच खिडक्यांचं चक्र फिरतं. चक्राची पाती मधून हवा ओढतात आणि कडेने बाहेर फेकतात. खिडकीसमोर खिडकी आली की हवा सुटते, भिंत आली की अडते. हे सुटणं-अडणं सेकंदाला जितक्या वेळा, तितकी सुराची वारंवारता. चक्राला १० खिडक्या आणि मिनिटाला ६००० फेरे असतील तर सेकंदाला १०० फेरे, गुणिले १०, म्हणजे १००० हर्ट्झ. मोटर वेग घेते तसा सूर चढतो, वीज तोडली की चक्र आपल्या जडत्वाने फिरत राहतं आणि सूर हळूहळू उतरतो. तो आक्रोशासारखा चढ-उतार कुणी मुद्दाम रचलेला नाही, चक्राच्या वजनातून तो आपोआप येतो.

या यंत्राला 'सायरन' हे नाव फ्रान्सच्या कान्यार द ला तूर यांनी १८१९मध्ये दिलं. त्यांचं यंत्र पाण्याखालीही वाजायचं, म्हणून ग्रीक पुराणातल्या समुद्रकाठी गाणाऱ्या सायरनांवरून हे नाव.

ओळखीसाठी याचा उपयोग असा की खिडक्या मोजा. पाटी गेलेली असेल तर खिडक्यांची संख्या, चक्राचा व्यास आणि जाळीची नक्षी यांवरून मॉडेल जुळवता येतं.

इलिनॉयकर
बाप रे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार. मोठ्याच्या पाटीवर झिप नाही, शहरापुढे आकडाही नाही. मॉडेलच्या जागी 'क्यू२बी' असं दिसतंय. मागे एक जाड तार आणि एक बारीक तार निघते.

गंजका_खिळा
मग तुमच्याकडे अमेरिकेतल्या बंबांचा राजाच आला आहे! क्यू२बीचा आवाज १० फुटांवर १२३ डेसिबल. चालू असताना १०० अँपिअरच्या घरात वीज खातो. ती जाड तार त्यासाठीच. बारीक तार बहुधा ब्रेकची असेल, बटण दाबलं की चक्र थांबावं म्हणून विजेचा ब्रेक असतो. यात क्लचही असतो, त्यामुळे मोटर थांबली तरी चक्र मोकळं फिरत राहतं आणि लांबलचक सूर ओढत जातं. तपासताना बोटाने चक्र हलकेच फिरवा. कुठेही घासल्याचा आवाज न येता बराच वेळ फिरलं तर आतून तब्येत ठणठणीत आहे.

किंमतीबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. हा सायरन आजही नवा मिळतो. तीच कंपनी बनवते. म्हणून जुन्याच्या किमतीला नव्याच्या किमतीचं छत असतं, त्याच्या वर जायला काहीतरी खास लागतं. सुट्या भागांची मात्र ददात नाही, त्यामुळे चालणारा क्यू२बी कधी पडून राहत नाही.

भायखळ्याचा_सुपुत्र
धागा वाचून वडिलांची आठवण झाली. ते मुंबई अग्निशमन दलात होते, आम्ही भायखळ्याच्या वसाहतीत वाढलो. लहानपणी आम्हाला सायरनपेक्षा पितळी घंटा जास्त जवळची. बंब निघाला की घंटेची दोरी ओढणारा वेगळा असायचा. वडील सांगायचे, घंटेवरून कोणता बंब ते कळायचं.

तुम्ही किमतीचं बोलताय म्हणून सांगतो. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात आमच्या दलाचे ६६ जवान गेले. म्हणूनच १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या काळच्या बंबावरची एखादी घंटा बाजारात आली आणि ती कोणत्या बंबाची, कोणत्या केंद्रातली हे सांगणारा कागद सोबत नसला, तर ती नुसतं पितळ होऊन जाते. वजनावर विकली जाते. मला याचं फार वाईट वाटतं. घंटा विकत घेणाऱ्याने निदान विचारावं, कुठून आली, कुणाकडे होती, आणि उत्तर लिहून घंटेसोबत ठेवावं.

मृण्मयी_र
काका, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. 🙏

कल्पक_जोशी
भायखळाकाका, तुमचा मुद्दा इथेही लागू आहे. इलिनॉयकर, तुम्ही ज्या केंद्रातून घेतलं तिथे परत जा. कोणत्या गाडीवर हे सायरन होते, कोणत्या सालापर्यंत वाजले, एखादा फोटो आहे का, विचारा. जुने स्वयंसेवक अजून असतील तर आत्ताच विचारा. त्या केंद्राच्या गाडीवर बसवलेल्या याच सायरनचा फोटो मिळाला तर त्या गावच्या माणसाला तो कुठल्याही किमतीत हवा असेल. इथे जुन्या बंबांच्या हौशी लोकांची 'स्पाम्फा' नावाची संस्था १९५८पासून आहे, फिनिक्सला हॉल ऑफ फ्लेम नावाचं मोठं संग्रहालय आहे. अशा ठिकाणची मंडळी फोटोवरून गाडी ओळखतात.

जुनाबाजार_रविवार
थोडं अवांतर. पुण्याच्या जुन्या बाजारात एक हाताने फिरवायचा सायरन पाहिला. विकणारा म्हणतो 'इंग्रजांच्या काळातला पोलीस गाडीचा'. खरं असेल?

लेस्टरची_लेक
हातसायरन सगळे गाडीचे नसतात. इथे इंग्लंडात नेल्सन गावच्या कार्टर कंपनीचे आणि सेकोमॅकचे हातसायरन महायुद्धात हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी वापरात होते. तिपाई किंवा उभं राहायची चौकट असेल तर तो बहुधा नागरी संरक्षणाचा. गाडीवरच्याला पाट्याला किंवा दाराशेजारी घट्ट कसायचा कंस (ब्रॅकेट) असतो, आणि बोल्टच्या भोकांभोवती रंग खरवडल्याची, कंपनांनी झिजल्याची खूण असते. अमेरिकेत सुरुवातीच्या मोटार बंबांवर हाताने फिरवायचे सायरन होते. इंग्लंडात मात्र पोलीस आणि रुग्णवाहिकांवर साठच्या दशकापर्यंत घंटाच असायची, विजेवर वाजणारी, विंकवर्थ कंपनीची क्रोमची घंटा त्यातली प्रसिद्ध. नंतर दोन सुरांचे कर्णे आले. त्यामुळे इंग्रजी पोलीस गाडीचा 'सायरन' म्हणून कुणी काही दाखवलं तर आधी शंका घ्या.

भायखळ्याचा_सुपुत्र
बरोबर. आणि ७१च्या युद्धात मुंबईत अंधारपट असायचा तेव्हा असे हातसायरन गल्लोगल्ली होते. कागद लावलेल्या खिडक्या, आई दिवा घालवायची आणि तो आवाज. त्यातलेच आता बाजारात येत असणार.

धातुविशारद
भारतात बनलेल्या वस्तूंसाठी आपला पत्ताही तसाच उपयोगी आहे. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. पाटीवर सहा आकडे असतील तर 'इंग्रजांच्या काळातला' हे तिथेच संपलं. 'बॉम्बे-४' असा एक-दोन आकडी क्रमांक असेल तर बहुधा त्याआधीचा. आणि इंग्रजीत 'मुंबई' लिहिलेलं असेल तर १९९५नंतरचा.

जुनाबाजार_रविवार
विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल पिन कोड इंग्रजांनीच आणला 😄 पण पाटी बघून येतो.

लेस्टरची_लेक
एक धोका सांगते. शोभेच्या बाजारासाठी नव्या पितळी घंटा इंग्रजी कंपन्यांची नावं कोरून बनतात. खरी घंटा आतून बघा. आतला लोळा जिथे आदळतो तिथे वर्षानुवर्षांचा ठोका उमटलेला असतो, ठराविक एका-दोन जागी. नकली घंटेत आतली बाजू सगळीकडे सारखी काळपट असते, कारण तो रंग रसायनाने आणलेला. कोरलेल्या अक्षरांच्या तळाशीही बघा, खऱ्यात पॉलिशची जुनी पांढरी भुकटी साचून घट्ट झालेली असते.

अॅडव्होकेट_नगरकर
कायद्याचं दोन ओळींत. भारतात कुणी हौसेने आपल्या गाडीवर जुना सायरन बसवू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ११९ प्रमाणे सायरनसारखा आवाज खासगी गाडीला चालत नाही, सूट रुग्णवाहिका, अग्निशमन वगैरेंना. इलिनॉय राज्याच्या कायद्यातही अधिकृत आपत्कालीन वाहनाशिवाय सायरन बसवायला मनाई आहे. आणि १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू भारतातून खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही, १९७२चा पुरावशेष कायदा आहे. परदेशातल्या मंडळींनी मुंबईतून घंटा बॅगेत घालून न्यायचा विचार करू नये.

कल्पक_जोशी
इलेक्ट्रॉनिक सायरनचं कुणी बोललं नाही. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि पोलीस गाड्यांवर हळूहळू ध्वनिवर्धक आणि डबा आला. त्यांची किंमत डब्यापेक्षा सोबतच्या वस्तूंत आहे. मूळ माईक, मूळ बटणांची पट्टी आणि मूळ कर्णा एकत्र असतील तर पोलीस गाड्या सजवणारे लोक शोधत येतात. नुसता डबा असेल तर कोणी विचारत नाही.

गंजका_खिळा
इलिनॉयकर, तुमच्या छोट्याचं काय झालं? मला खरं कुतूहल त्याचंच आहे. सायरनच्या तोंडाशी दिवा हे साधं प्रकरण नाही.

रंग खरवडू नका. त्या काळच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे, घरात घासलं तर धूळ लेकरांच्या पोटात जाईल. अंधाऱ्या खोलीत विजेरी पाटीच्या बाजूने, अगदी सपाट धरा आणि फोटो काढा. कोरलेली किंवा उठावाची अक्षरं सावलीने दिसतात.

इलिनॉयकर
काय सांगू! काल रात्री दिवे घालवून बायको विजेरी धरून बसली आणि मी फोटो काढले. 'स्टर्लिंग', खाली 'रॉचेस्टर', पुढे दोन अक्षरं पुसट, आणि एका कोपऱ्यात ६ व्होल्ट. लाल काचेच्या कडेलाही काही अक्षरं आहेत, पण ती वाचता आली नाहीत.

गंजका_खिळा
वा! मग तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा स्टर्लिंग. त्यांचे दिवा आणि सायरन एकत्र असलेले 'सायरनलाइट' फार नावाजलेले. ६ व्होल्ट म्हणजे बहुतेक पन्नाशीच्या मध्याच्या आधीच्या गाडीचा, कारण त्या सुमाराला अमेरिकी गाड्या १२ व्होल्टवर गेल्या. हा सायरन नवा कुणी बनवत नाही. काच फुटली तर तशीच काच मिळायला वर्षं जातात. तुमची काच शाबूत असेल, आतला परावर्तक गंजलेला नसेल आणि मूळ कंस सोबत असेल, तर या खोक्यातली मोलाची वस्तू हीच. शेजारच्या गृहस्थांनी एकत्र आकडा सांगितला असेल तर दोन्हींचे वेगळे आकडे मागा, त्यांना काय हवंय ते लगेच कळेल.

किमतीसाठी विकायला ठेवलेल्यांचे आकडे बघू नका. लिलावांत प्रत्यक्ष विकले गेलेल्यांचेच बघा, आणि स्थिती तुमच्यासारखीच आहे का ते तपासा. काच फुटलेला आणि काच शाबूत असलेला या दोन वेगळ्या वस्तू समजा.

इलिनॉयकर
काच शाबूत आहे, कंसही आहे. केंद्रात फोन केला. एक आजोबा म्हणाले की छोटा सायरन प्रमुखाच्या स्वतःच्या गाडीवर होता, आणि त्यांच्याकडे त्या गाडीचा फोटो असावा. शनिवारी बोलावलंय. क्रोम करून घ्यायचा विचार सोडला. चकचकीत म्हणजे महाग हे माझं मत बाजूला ठेवतो, खिळाभाऊंचं 'पर्याय संपवू नका' पटलं. छोटा विकायचा की नाही ते फोटो बघून ठरवेन, पण एकदा वाजवून बघायचा फार मोह होतोय.

धातुविशारद
वाजवा, पण ६ व्होल्टच्या बॅटरीवरच. १२ व्होल्ट दिलेत तर चक्र गरजेपेक्षा कितीतरी जोरात फिरेल, मोटरमधल्या तारांची वेष्टणं जळतील, आणि जुन्या चक्राला तडा असेल तर तुकडे उडतील. चार्जरवर चालवायचा प्रयत्नही नको, घरगुती चार्जरला एवढे अँपिअर जमत नाहीत. ६ व्होल्टला तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट वीजप्रवाह लागतो, म्हणून तारा जाड घ्या. आधी बेअरिंगमधलं जुनं सुकलेलं ग्रीस काढून नवं भरा, चक्र हाताने फिरवून घ्या, मग एका वेळी दोन-तीन सेकंद.

मृण्मयी_र
आणि कानात बोळे घाला! ध्वनिमुद्रण इथे टाका, आम्हाला ऐकायचंय.

कल्पक_जोशी
शेजाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर तेच केंद्र बंब घेऊन तुमच्या दारात येईल 😄

भायखळ्याचा_सुपुत्र
आजोबांना फोटो मागताना त्यांचं नाव, गाडीचं साल आणि प्रमुख कोण होते ते तिथेच लिहून घ्या, फोटोच्या मागे. दोन कागद करा, एक त्यांच्या केंद्राला द्या.

जुनाबाजार_रविवार
ता. क. : पाटी बघून आलो. पाटीवर सहा आकडी पिन. विकणारा आता म्हणतो 'मग नागरी संरक्षणाचा असेल'. किंमत निम्म्यावर आणली आहे. तिपाई तुटकी आहे, पण चक्र मोकळं फिरतंय. घेऊ का?

लेस्टरची_लेक
चक्र मोकळं असेल आणि दांड्याचे दाते झिजले नसतील तर घ्या. गिअरचं झाकण उघडून दाते आधी बघा.